कौल मागणाऱ्याचा शब्द

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल कलश चढला. आज महाप्रसाद झाला. पोटभर जेवलेल्या माणसांपुढे बोलायला उभे राहणे हे मोठे धाडसाचे काम आहे, याची मला शाळामास्तरकीच्या अनुभवाने पुरती जाणीव आहे. दुपारच्या सुटीनंतरचा तास मी पुष्कळ वर्षे घेतलेला आहे. तेव्हा फार लांबण न लावता, समितीने जे काम सोपवले आहे ते यथाशक्ती पार पाडतो.

विषय मीच निवडला. या मंडपात कीर्तने होतात, दशावतार होतो, सभा भरतात. परंतु ज्या एका कामासाठी माणूस इथे एकटा, अनवाणी, घरात कुणाला न सांगतासुद्धा येतो, ते काम म्हणजे कौल. मुलीचे स्थळ, मुलाची नोकरी, बांधाचा तंटा, न उतरणारा ताप. मन दोन्हीकडे ओढले जाते तेव्हा माणूस गुरवाला म्हणतो, “देवाक जरा विचारून बघ.” देवाला असे विचारावे काय, विचारले तर काय विचारावे, आणि उत्तर आले किंवा न आले तर काय करावे, एवढ्याच गोष्टीवर मी बोलणार आहे.

मुंबईत जन्मलेल्या आपल्या मुलांसाठी आधी थोडे सांगतो. आपल्या कोकणात गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओले तांदूळ किंवा फुलांच्या कळ्या, पाकळ्या लावतो. मग गाऱ्हाणे घालतो. जमलेली माणसे “व्हय म्हाराजा” म्हणून त्याला साथ देतात. नंतर सारे गप्प होतात. उजवीकडची कळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार. डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नकार. गावोगावी रीत थोडी निराळी असते, शब्द निराळे असतात. गोव्यातील देवळांत याच गोष्टीला प्रसाद घेणे म्हणतात. पण ती शांतता सगळीकडे सारखीच. त्या दोन-चार मिनिटांत मोठमोठ्या घरच्या माणसांचे डोळे एका ओल्या पाकळीवर खिळलेले मी पाहिले आहेत.

आता ‘कौल’ या शब्दाकडे पाहू. (छपराच्या कौलांविषयी मी बोलत नाही. समितीने कौलासाठी पत्र काढले तेव्हा काही देणगीदारांनी मंगलोरी कौलांचीच किंमत विचारली होती, असे चिटणीस सांगतात.) कौल हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ शब्द, वचन. शिवकाळात आणि पेशवाईत सरकार रयतेला कौल देत असे. गाव ओस पडला, लढाईने वा दुष्काळाने कुळे परागंदा झाली, की सरकारातून कौलनामा निघे. तुम्ही परत या, जमीन लावा, पहिली काही वर्षे सारा हलका घेऊ, पुढे बेताबेताने चढवू, कुणी उपद्रव देणार नाही, असा तो अभय देणारा कागद. कागद सरकारचा असला तरी करार दोघांचा असे. सरकारने अभय द्यायचे आणि कुळाने येऊन जमीन कसायची. कौलनामा उशाशी ठेवून कुळ झोपून राहिले, तर जमीन आपोआप पिकत नसे.

मला वाटते, देवाच्या कौलाचेही असेच आहे. आपण देवाकडून शब्द मागतो, त्या वेळी आपणही एक शब्द देत असतो, आणि तोच नेमका आपण विसरतो. आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

कौल पाळणे म्हणजे काय, हे पाहायचे तर आपल्या सिंधुदुर्गातलीच दोन गावे पाहा. मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा भरते. लाखो माणसे लोटतात. पण तिची तारीख पंचांगात सापडायची नाही. ती देवीच्या कौलाने ठरते. एकदा ठरली की मुंबईच्या गिरणगावात वाढलेला माणूससुद्धा साहेबाकडे रजेचा अर्ज टाकतो. दुसरे गाव आचरे. तेथे दर काही वर्षांनी श्री देव रामेश्वराच्या कौलाने गावपळण होते. सारा गाव, म्हातारीकोतारी, पोरेबाळे, गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत राहतो. चुली बंद, घरे रिकामी. पुन्हा कौल झाला की गाव भरतो. श्रीमंताला ओसरी सोडावी लागते, गरिबाला झोपडी. माळावर सगळ्यांना सारखेच गवत आणि सारखेच आभाळ. या प्रथेचा उगम कुणी कसाही सांगो. कौल मागितला म्हणजे अंथरूण-पांघरूण उचलून बाहेर पडायची तयारी ठेवावी लागते, हे आचऱ्याच्या लोकांना सांगावे लागत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. या स्मरणिकेत समितीचा अहवाल आहे, जमाखर्च आहे, छायाचित्रे आहेत. पण एक गोष्ट अहवालात दोन ओळींत उरकली आहे, ती मी समितीच्या अनुमतीने जरा सविस्तर सांगतो.

या देवळाचे वासे वाळवीने पोखरले होते, पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी येत होते, हे सर्वांना दिसत होते. मुंबई मंडळाने निधीला आरंभ केला आणि काम सुरू करण्यासाठी कौल लावला. डावा झाला. वर्षभर थांबलो. शिमग्यानंतर पुन्हा लावला. पुन्हा डावा. मग गावात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणाले, देवाला जुनी जागा हलवलेली नको आहे. कुणी म्हणाले, गुरवाचे हात थरथरतात. तरुण मंडळी म्हणाली, इंजिनिअरने वासा धोक्याचा म्हणून लिहून दिले आहे, आता छप्पर डोक्यावर पडल्यावर उजवा कौल होणार काय? आणि काही भाविकांनी अगदी मनापासून मला विचारले, “मास्तर, देव आपल्यावर रागावलो की काय?”

तशात एका सभेत खालच्या वाडीचा विषय निघाला. आपल्या खालच्या वाडीची माणसे पिढ्यान् पिढ्या या देवाच्या पालखीपुढे वाजप वाजवीत आली. पण देवळाच्या कामाला त्यांची वर्गणी घेण्याची वहिवाट नव्हती. का नव्हती, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या वाडीतले तरुण आता शिकलेसवरले आहेत, नोकऱ्यांवर आहेत. त्यांनी स्वतः होऊन वर्गणी आणून दिली, आणि ती पेटीत न जाता एका पाकिटात तशीच पडून राहिली होती. सभेत कुणीतरी तोडगा काढला, की आपण कशाला वाईट व्हा? देवालाच कौल लावू. घ्या म्हणाला तर घेऊ.

वाद नको असलेल्या सगळ्यांना हा तोडगा पसंत पडला. पसंत पडला नाही तो गुरवाला. आपले वृद्ध गुरव सभेत सहसा बोलत नाहीत. ते उठून म्हणाले, “ह्यो प्रश्न मी देवापुढे घालूचो नाय. ह्येचा उत्तर तुमका ठावक आसा.” एवढेच बोलून ते खाली बसले.

मंडळी, सभेत बराच वेळ कुणी बोलले नाही. त्यानंतर जे झाले ते तुम्हां सर्वांसमोर झाले. पाकीट उघडले गेले. मागच्या सप्त्यापासूनचा तटलेला हिशेब भिंतीवर लावला गेला. वर्गणीदारांची यादी वाडीवार न करता आडनावांच्या क्रमाने करायचे ठरले. या स्मरणिकेत ती तशीच छापली आहे, पाहून घ्या. मग तिसऱ्यांदा कौल लावला. उजवा झाला.

आता यावरून, कळीला आमच्या हिशेबाची वही वाचता येते असे मी म्हणणार नाही. ओली कळी कधी सुटते? पाणी सुकले की सुटते, वजनाने सुटते, वाऱ्याच्या झुळकीने सुटते. शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस आहे मी. पण त्या दोन डाव्या कौलांनी आम्हांला दोन वर्षे थांबायला लावले, आणि थांबल्यामुळे आमचे घर आम्हांला दिसले. पहिल्याच फटक्यात उजवा झाला असता तर आम्ही देऊळ बांधले असते, आणि ते पाकीट तसेच पडून राहिले असते. पायाच्या चिऱ्याखाली काय पुरले जाणार होते, हे आम्हांला कळलेही नसते. देव बोलला का? माझ्यापुरते उत्तर असे, की तो बोलला असलाच, तर गुरवाच्या तोंडून सभेत बोलला. आणि त्या वेळी देवाच्या अंगावर एकही कळी लावलेली नव्हती.

देवाकडे खूण मागणे हे काही आपल्याच अडाणीपणाचे लक्षण आहे असे कुणी समजू नये. मोठमोठ्यांनी मागितली आहे. अर्जुनाने मागितली. दहा अध्याय ऐकून झाल्यावर अकराव्यात तो म्हणतो, मला तुझे ते रूप दाखव. दाखवले. मग काय झाले? तो थरथर कापला, आणि तुझे नेहमीचे ओळखीचे रूपच पुन्हा दाखव म्हणून हात जोडू लागला. माझा संशय फिटला असे तो म्हणतो ते थेट अठराव्या अध्यायात. म्हणजे एवढे विश्वरूप पाहूनही त्याला आणखी सात अध्याय ऐकावे लागले. आणि ते संपण्याआधी भगवंत त्याला सांगतात, की या सर्वांचा नीट विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर. प्रत्यक्ष भगवान रथावर बसलेले, तरी शेवटचा निर्णय त्यांनी अर्जुनाच्याच पदरात टाकला. युद्ध त्यालाच करायचे होते.

दुसरे उदाहरण तुकोबांचे. गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तुकाराम महाराज देहूला नदीकाठी अन्नपाणी सोडून बसले. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, असे आपली वारकरी परंपरा सांगते. याहून मोठी खूण ती कोणती? आपल्यापैकी कुणाला अशी खूण मिळाली असती तर आपण गावभर पेढे वाटले असते. पण या प्रसंगावरचे म्हणून जे अभंग आहेत ते वाचून पाहा. त्यांत विजयाचा सूर नाही. महाराज देवाची क्षमा मागतात. लोकांच्या बोलण्याने माझे चित्त कष्टी झाले आणि त्यापायी मी तुझा अंत पाहिला, हा माझा मोठा अन्याय झाला, असा त्यांचा भाव आहे. खूण मिळाली त्याचा आनंद आहेच. परंतु आपण प्रेमाच्या माणसाला परीक्षेला बसवले, याची लाज त्याहून मोठी आहे. घरातल्या माऊलीला कुणी रोज विचारतो का, की तू माझी आई असल्याचा पुरावा दे?

आता एक अवघड प्रश्न. तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे, कारण या मंडपात असे पुष्कळ जण बसले असतील की ज्यांच्या मनात तो आहे. उजवा कौल झाला आणि तरीही वाईट घडले, तर? तेव्हा देव खोटा, की कौल खोटा?

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत एक काकी होत्या. त्यांचे यजमान मुंबईच्या गोदीतून जहाजावर खलाशी म्हणून जात. एका खेपेला पत्रे यायची बंद झाली. दोन महिने गेले, चार गेले. काकींनी याच देवापुढे कौल लावला, की धनी सुखरूप आहेत ना? उजवा झाला. आठ-नऊ महिन्यांनी कंपनीचे पत्र आले. यजमान कौल लावण्याच्या कितीतरी आधीच गेले होते.

काकी त्यानंतरही रोज दिवेलागणीला देवळात येत. आम्ही मुले मोठी झाल्यावर, चार बुके शिकल्याच्या घमेंडीत, आमच्यातल्या एकाने त्यांना विचारले, “काकी, देवाने तुम्हांला फसवले, तरी तुम्ही येता कशाला?” काकी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “त्या कौलार मी तो पावसाळो काढलंय.” मग शांतपणे सांगितले, की त्या वर्षी कौल डावा झाला असता तर त्यांनी त्याच दिवशी अंथरूण धरले असते, उजवा झाला म्हणून त्या उठल्या, तरवा काढला, शेत लावले, तिन्ही पोरांच्या पोटात अन्न घातले. पत्र आले तेव्हा भात कणगीत होते आणि पोरे शाळेत होती.

या उत्तरावर मी पुष्कळ वर्षे विचार केला. काकींना बातमी खोटी मिळाली, ही गोष्ट खरीच आहे. ती मी गोड करून सांगत नाही. पुढे काय होणार, दूरवर काय झाले, हे सांगण्याचे यंत्र म्हणून कौलाकडे पाहाल तर एक ना एक दिवस फसाल, आणि मग देवळाकडे पाठ फिरवाल. पण काकींनी त्या कौलाची आपली बाजू पाळली. त्या उठल्या आणि कामाला लागल्या. जे अभय मिळाले त्यावर त्यांनी जमीन कसली. म्हणून त्यांच्या पदरात शेवटी काही उरले. हे ज्याला समजले त्याची श्रद्धा वाईट बातमीने मोडत नाही.

याच्या उलट, कौल कुठे लावू नये हेही आज स्पष्ट बोलले पाहिजे. कारण देऊळ नवे झाले आणि सवयी जुन्याच राहिल्या तर चुन्या-सिमेंटचा खर्च फुकट गेला.

पहिली गोष्ट आजाराची. फुरसे चावले, विंचू चावला, मूल तापाने फणफणले, अशा वेळी देवळाची पायरी नंतर, आधी दवाखाना. विंचवाचेच उदाहरण घ्या. आपल्या कोकणातला लाल विंचू पूर्वी किती पोरे घेऊन जात असे, हे जुन्या माणसांना विचारा. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, टिपणे ठेवली, आणि प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने हे रोगी वाचतात हे दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढेही अनिश्चितताच होती. पण उत्तर शोधायचे काम देवाने आपल्या हाताला दिले आहे असे मानून ते बसून राहिले. आपण त्या गोळीला देवाचा प्रसाद म्हटले तर मला नाही वाटत देव रागावेल. आणि एक लक्षात ठेवा, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपल्या गुरवांनी तर गेली कित्येक वर्षे अशा माणसाला अंगारा लावून, “आता गाडी काढा,” असेच सांगितले आहे.

दुसरी गोष्ट भांडणाची. देवाचे नाव घेऊन कुणाला वाळीत टाकणे, पाणी तोडणे, मयताला न जाणे, हे कौलाचे काम नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ पासून अमलात आहे, ही झाली सरकारची गोष्ट. पण कायदा नसता तरी काय? पंढरपूरच्या विठ्ठलाचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभले आणि दहा दिवसांनी ते दार उघडले. गुरुजींनी विठ्ठलाची खूण मागितली नाही. विठ्ठलाची इच्छा काय असेल याविषयी त्यांना संशयच नव्हता. ते लोकांची खूण मागत होते.

म्हणून माझी समजूत अशी, की जिथे आपल्याला उत्तर ठाऊक आहे आणि फक्त ते करण्याचे धैर्य नाही, तिथे कौल लावू नये. तिथे देवाकडे धैर्य मागावे. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, शक्य तो विचार झाला आहे, वडीलधाऱ्यांना विचारून झाले आहे, तरीही मन ठरत नाही, अशा वेळी खुशाल देवापुढे यावे. आणि येताना मनाशी ठरवून यावे, की उत्तर काहीही आले तरी घरी जाऊन मी काय करणार. एकदा डावा झाला म्हणून तीन वेळा लावणे, दुसऱ्या देवाकडे जाणे, गुरवाला हळूच शब्द बदलायला सांगणे, हे देवाला विचारणे नव्हे; ती घासाघीस झाली, आणि त्यासाठी आठवड्याचा बाजार आहे.

शिवछत्रपतींची गोष्ट सर्वांना पाठ आहे. सभासदाच्या बखरीत लिहिले आहे, की अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी श्री भवानीने महाराजांना दर्शन देऊन यशाचे अभय दिले. प्रत्यक्ष जगदंबेचे अभय! मग महाराज नुसता अंगरखा घालून भेटीला गेले का? १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली ते गेले, तेव्हा अंगात चिलखत होते, डोक्यावर जिरेटोप होता, जवळ शस्त्र लपवलेले होते आणि जावळीच्या रानात फौज दबा धरून बसली होती. आईने शब्द दिला म्हणून त्यांनी आपली तयारी कमी केली नाही, उलट कुठे उणी ठेवली नाही. कौल घेण्याची रीत शिकायची तर या प्रसंगाहून अधिक चांगला धडा मला माहीत नाही.

आता देणगीदारांसाठी दोन शब्द. आपण हजारो दिले, कुणी कमी दिले, कुणी गवंड्याच्या हाताखाली आठ दिवस चिरे वाहिले. या सर्वांचे गाव ऋणी आहे. पण कुणी मनात असे धरून बसू नये, की मी एवढे दिले, आता देव मला काय खूण दाखवतो ते पाहू. धंद्यात खोट आली, परीक्षेत मुलगा नापास झाला, म्हणजे देणगी देवाला पोहोचली नाही असे नव्हे. ती पोहोचली आहे. डोके वर करून छपराकडे पाहा. येत्या मृगाला गाभाऱ्यात पाणी येणार नाही. त्याची खूण एवढीच, आणि ती चांगली भक्कम आहे.

चाकरमानी मंडळींची मुले परवापासून मला निरनिराळे प्रश्न विचारीत आहेत. एकीने विचारले, “आजोबा, कळी पडलीच नाही तर?” प्रश्न अगदी योग्य आहे. कधी कधी खरेच पडत नाही. गुरव वाट पाहतो, माणसे वाट पाहतात, समईत पुन्हा तेल घातले जाते, आणि काहीच होत नाही. गुरव शेवटी म्हणतो, “आज देव बोलना नाय. जावा, उद्या येवा.” मी त्या मुलीला सांगितले, बाळ, अशा वेळी घरी जायचे, जेवायचे, गुरांना वैरण घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या तोंडावर दिसले. होऊही नये. प्रश्न विचारणारी मुले देवळात येत राहिली पाहिजेत, आणि त्यांना “गप्प बस” म्हणणारा माणूस या मंडपात नसला पाहिजे, एवढे आपण पाहू.

मंडळी, या मंडपाच्या नव्या खांबांना आपल्या पुढच्या कित्येक पिढ्या टेकून बसतील आणि आपापले प्रश्न देवापुढे घालतील. त्यांचे प्रश्न कोणते असतील, आपल्याला ठाऊक नाही. आपण त्यांच्यासाठी दोनच गोष्टी ठेवून जाऊ शकतो. एक, न गळणारे छप्पर, ते झाले. दुसरी, सभेत उठून “याचे उत्तर तुम्हांला ठाऊक आहे” असे म्हणणारा एखादा गुरव आणि ते ऐकून घेणारा गाव. ती दर पिढीला नव्याने करावी लागेल. तिच्यासाठी निधी जमवता येत नाही आणि तिचे काम ठेकेदाराला देता येत नाही.

ज्यांनी तन-मन-धनाने हे कार्य तडीस नेले त्या सर्वांना, ज्यांची नावे या स्मरणिकेत आली त्यांना आणि ज्यांनी नाव छापू नका असे बजावून पैसे दिले त्यांनाही, श्रींची कृपा लाभो.  रात्री दशावतार आहे. लवकर जेवून यावे, चटया घरून आणाव्यात. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

॥ शुभं भवतु ॥